लहान बेटावरचे पर्यटन टिकवायचे असेल तर हिशेब विहिरीपासून सुरू करा

हे मार्गदर्शन लहान बेटावरच्या ग्रामपंचायतीसाठी, बचत गटासाठी किंवा निसर्ग पर्यटन सुरू करू पाहणाऱ्या गावकऱ्यांसाठी आहे. उदाहरण म्हणून उरण तालुक्यातील घारापुरी डोळ्यांसमोर ठेवले आहे. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या तीन वस्त्यांचे हे बेट गेटवे ऑफ इंडियापासून लाँचने तासाभराच्या अंतरावर आहे. तेथील लेण्यांना 1987 साली जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला, पण समुद्राखालून टाकलेल्या केबलमधून गावात कायमची वीज यायला 2018 साल उजाडावे लागले. पाहुणे जगभरातून येत होते आणि गावातले दिवे मात्र जनरेटरवर ठरावीक तास चालत होते, ही विसंगती नियोजन करताना विसरू नये.

बहुतेक ठिकाणी नियोजनाची सुरुवात फलक, छत्र्या आणि सेल्फी पॉइंटपासून होते. माझ्या मते सुरुवात मे महिन्यातल्या विहिरीपासून व्हावी, कारण बेटावर किती माणसे सामावतील हे शेवटी तीच ठरवते. लेणी सोमवारी बंद असल्याने घारापुरीला आठवड्यातून एक गर्दीविना दिवस मिळतो; तुमच्या बेटावर असा दिवस नसेल तर तो आधी ठरवून घ्या. त्या दिवशी दोरीला दगड बांधून, दर फुटावर गाठ मारून, पाण्याची पातळी मोजा. मग पंपाने पाणी काही फूट खाली उतरवा, उपसा थांबवा आणि पातळी किती वेळात किती वर येते ते वहीत लिहा. विहीर तळापर्यंत कधीही उपसू नका. समुद्राने वेढलेल्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्याच्या शेजारीच असते, आणि उपसा हाताबाहेर गेला की खारे पाणी आत सरकून विहीर मचूळ होते. एकदा मचूळ झालेली विहीर सुधारायला कित्येक पावसाळे लागू शकतात.

समजा विहिरीचा व्यास 3 मीटर आहे. तिच्यात पाणी 1 मीटर चढले म्हणजे सुमारे 7,000 लिटर जमा झाले. दिवसरात्र मिळून 3 मीटर चढत असेल तर रोजचे 21,000 लिटर झाले. गावात 300 माणसे असतील आणि जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी 55 लिटर धरले, तर 16,500 लिटर गावालाच लागतात. उरलेल्या 4,500 लिटरपैकी तिसरा हिस्सा अडीअडचणीसाठी राखला की पर्यटनाच्या वाट्याला 3,000 लिटर येतात. दिवसा येऊन जाणाऱ्या पाहुण्यामागे 10 लिटर धरले तर ही 300 जणांची सोय आहे; मुक्कामी पाहुण्यामागे 100 लिटर धरले तर केवळ 30 जणांची. होमस्टेच्या खोल्या किती बांधाव्यात, याचे उत्तर कर्जाच्या रकमेपेक्षा या आकड्यात शोधावे. एक खबरदारी मात्र घ्या: पातळी जसजशी वर येते तसतसा पाण्याचा जोर मंदावतो, त्यामुळे पहिल्या दोन तासांच्या मोजणीला बाराने गुणून दिवसाचा आकडा काढू नये.

दुसरा हिशेब कचऱ्याचा, आणि तो तुलनेने सरळ आहे. जे होडीतून आले ते होडीतूनच परत गेले पाहिजे, कारण बेटावर खड्डा खणून पुरलेले प्लास्टिक पहिल्या मोठ्या पावसात कांदळवनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीच्या, मुळांमध्ये येऊन अडकते. पाण्याच्या बाटलीवर अनामत रक्कम घ्यावी आणि ती परतीच्या धक्क्यावर, लाँच सुटण्यापूर्वी परत द्यावी. वरच्या दुकानात परत दिली तर उतरताना घेतलेली बाटली वाटेतच पडते. घारापुरीला गेलेल्या प्रत्येकाने माकडांनी हातातली बाटली हिसकावल्याचे पाहिले असेल. तेथे उघड्या पेट्या ठेवणे म्हणजे माकडांसाठी पंगत मांडणे होय, म्हणून झाकण कडीने बंद होणाऱ्याच पेट्या वापराव्यात. गोण्या किती भरल्या याची नोंद पाहुण्यांच्या संख्येशेजारीच लिहावी.

बांधकामाबाबत ग्रामसभेने दोन नियम तोंडपाठ ठेवावेत. 2019 च्या किनारा नियमन अधिसूचनेनुसार मुख्य भूमीलगतच्या बेटांवर भरतीरेषेपासून 20 मीटरचा पट्टा बांधकामासाठी निषिद्ध आहे, तर संरक्षित स्मारकाभोवतीचे 100 मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे 200 मीटर नियंत्रित, म्हणजे परवानगीशिवाय बांधकाम करता न येणारे, क्षेत्र असते. कांदळवन मोठे असेल तर त्याभोवतीही राखीव पट्टा सोडावा लागतो.

पैसा कुठे जातो हे शोधण्यासाठी परतीच्या धक्क्यावर वीस पाहुण्यांना विचारा की आज त्यांनी किती खर्च केला आणि तो कोणाला दिला. लाँचचे भाडे आणि मुख्य भूमीवरून आणलेली शीतपेये वजा केल्यावर गावात जे उरते, ती खरी मिळकत. ती वाढवायची तर वस्तू विकण्यापेक्षा माहिती आणि जेवण विकावे. वेंगुर्ल्याजवळच्या मांडवी खाडीत महिलांचा बचत गट होडीतून कांदळवनाची सफर घडवतो. खारफुटीतले तिवराचे झाड कोणते, चिखलातून वर आलेली मुळे कशासाठी, खेकडा कोठे राहतो, हे सांगणाऱ्या बाईचे ज्ञान बाहेरून आणावे लागत नाही. अशा उपक्रमांना राज्याच्या वन विभागातील कांदळवन कक्षाच्या उपजीविका योजनेतून मदत मिळू शकते. मात्र सगळी कुटुंबे पर्यटनावर विसंबू नयेत, कारण पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच थांबतात. मासेमारी आणि शेती सुटली तर त्या महिन्यांत चूल कशावर पेटणार?

ठरवलेली संख्या पाळणे हे सर्वांत अवघड काम आहे. बेटावर उतरलेल्या माणसाला परत पाठवता येत नाही, म्हणून मोजणी मुख्य भूमीवरच्या धक्क्यावर, तिकीट फाडतानाच व्हावी आणि लाँचमालकांशी तसा लेखी करार असावा. होडीतील प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जॅकेट असण्याची अटही त्याच करारात घालावी. 18 डिसेंबर 2024 रोजी घारापुरीच्या वाटेवर नौदलाच्या स्पीडबोटीची प्रवासी बोटीला धडक बसून जी जीवितहानी झाली, त्यानंतर ही अट ऐच्छिक ठेवण्याला काहीच अर्थ नाही. पाणी, गोण्या आणि पाहुणे यांची वही दर महिन्याच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचावी, आणि मे महिन्यातली मोजणी घटली तर पुढच्या दिवाळीच्या हंगामासाठीचा आकडा त्याच सभेत खाली आणावा.