जुने प्लॅस्टिकचे अंतराळवीर जमवताय? या चुका टाळा

माझे मामा बोटीवर नोकरीला होते. एका सुट्टीत त्यांनी हाँगकाँगहून आणलेले सहा अंतराळवीर हा माझ्या संग्रहाचा पाया. बोटभर उंचीचे, चंदेरी, तळाखाली उठावाच्या अक्षरांत गावाचं नाव. पुढे अमेरिकेतल्या मार्क्स आणि आर्चर या खेळण्यांच्या कंपन्यांचे नग आले आणि त्यांच्याबरोबर चुकाही झाल्या. पैसे गेले ते भरून आले, बिघडलेले नग मात्र परत मिळत नाहीत. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

साच्याचं वय नगाला लावू नका

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. पोलादी साचा कंपनीपेक्षा जास्त जगतो. न्यूयॉर्कच्या आर्चर प्लॅस्टिक्सने 1950च्या दशकात साधारण चार इंचांचे, कडक प्लॅस्टिकचे, सुट्या पारदर्शक हेल्मेटचे अंतराळवीर काढले. त्याच साच्यांतून पुढे कित्येक वर्षांनी ग्लेन्को मॉडेल्सने पुन्हा नग काढले. लुई मार्क्सची कंपनी 1972 साली क्वेकर ओट्सने विकत घेतली, मग तीही बंद पडली, पण तिचे साचे हात बदलत राहिले आणि त्यांतून नवे नग निघत राहिले. टिम मी या ब्रँडचा 1978चा ‘गॅलेक्सी लेझर टीम’ हा संच तर अलीकडे पुन्हा बाजारात आलाय. हे नवे नग खोटे नव्हेत. मुलांना खेळायला द्यायला उत्तमच. पण 1952चा म्हणून 1992चा विकत घेतला तर ती फसवणूक होते.

मग ओळखायचं कसं? रंगापासून सुरुवात करा. मूळ संच कोणत्या रंगांत निघत होता हे माहीत असेल, तर न पाहिलेला रंग दिसताच थांबता येतं. मग कडा बघा. झिजलेल्या साच्यातून निघालेल्या नगाला शिवणीजवळ, म्हणजे साच्याचे भाग जुळतात तिथे, पातळ पापुद्रे राहतात आणि चेहरा बोथट होतो. आणि खुणा: बंदुकीचं टोक, गुडघे, तळाची कड, जिथे मुलांचा हात लागतो तिथे साठ वर्षांची झीज असायलाच हवी. ती सगळीकडे सारखी असेल तर मला शंका येते.

पोशाखातूनही थोडं कळतं. बरणीसारखं गोल हेल्मेट आणि किरणांची बंदूक ही युरी गगारिन अंतराळात जाण्याआधीची, म्हणजे 12 एप्रिल 1961पूर्वीची कल्पना. पाठीवर चौकोनी पेटी आणि जाड पांढरा पोशाख दिसला तर तो अपोलोच्या काळाचा, 1950च्या दशकातला असूच शकत नाही. उलट तर्क मात्र चालत नाही, कारण जुनी बरणी-हेल्मेटं पुढेही निघत राहिली.

फोटोवरून तुलना करू नका

54 मिमी आणि 60 मिमीचे नग फोटोत जुळे भाऊ वाटतात. विकणाऱ्याला तळव्यापासून डोक्यापर्यंतची उंची मिलिमीटरमध्ये विचारा. तळाची जाडी त्यात धरायची नाही. वाकलेल्या किंवा धावणाऱ्या नगाची उंची कामाची नाही, तिथे हेल्मेटची रुंदी मोजा. साधा व्हर्नियर कॅलिपर पुरतो.

माप का महत्त्वाचं, तर नक्कल ओळखण्यासाठी. मऊ पॉलिथीन साच्यात थंड होताना साधारण दोन टक्के आक्रसतं. तयार नगावरूनच नवा साचा केला, की 60 मिमीची नक्कल एखाद्या मिलिमीटरने बुटकी निघते. माझ्या टेबलावर आत्ता असे दोन शेजारी ठेवलेत. मूळ नगाच्या पोशाखावरच्या हवेच्या नळीवर वळ्या मोजता येतात, नकलेत तिथे गुळगुळीत दोरी आहे. हे फोटोत दिसत नाही, नखाला लगेच लागतं.

‘हाँगकाँग’ वाचून नग बाजूला टाकू नका

तिथे नकला भरपूर झाल्या, हे खरं. पण स्वतंत्र, देखणे नगही तिथेच घडले. ब्रिटनसाठी काढलेल्या मालावर ‘एम्पायर मेड’ असंही कोरलेलं सापडतं. नुसत्या शिक्क्यावरून साल ठरवू नका.

प्लॅस्टिक न ओळखता हात लावू नका

तापलेली सुई टोचून बघण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. रंग न दिलेला नग साध्या पाण्यात सोडा, बोटाने बुडबुडे झटका. पॉलिथीन तरंगतं. कडक पॉलिस्टायरिन बुडतं आणि टेबलावर टिचकी मारली की खणखणीत वाजतं. मऊ व्हिनाइल बुडतं, पण आवाज करत नाही.

हे कळलं की बाकीचं सोपं होतं. पॉलिथीनच्या नगाची बंदूक वाकली असेल तर गरम पाण्यात थोडा वेळ धरा, सरळ करा, लगेच गार पाण्यात बुडवा. पॉलिस्टायरिनवर हा उपाय करू नका. त्याला नेलपॉलिश रिमूव्हरही लावू नका, ॲसिटोनने ते विरघळतं. कोमट पाणी, साबणाचा फेस आणि मऊ ब्रश, बस्स. हेल्मेट घट्ट बसत असेल तर दाबू नका, मानेपाशी अडकलेला मळ आधी काढा. सुटी हेल्मेटं नव्याने करूनही विकतात, तेव्हा ‘पूर्ण’ नग घेताना हेल्मेट मूळचं आहे का हे वेगळं विचारा.

डांबरगोळ्या

हे आपल्याकडचं खास संकट. पावसाळ्यात आईने माझे कडक प्लॅस्टिकचे चार नग ट्रंकेत साड्यांबरोबर ठेवले, “कपड्यांसारखेच जपलेत रे,” म्हणाली. तिने मायेनेच केलं होतं. दिवाळीत ट्रंक उघडली तर त्यांचे पाय चिकट झाले होते आणि एकाच्या पाठीवर कापडाची वीण उमटली होती. ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांमधल्या नॅफ्थलीनच्या वाफेने पॉलिस्टायरिन मऊ पडतं. व्हिनाइलच्या मऊ पिशव्याही तशाच घातक, त्यातलं तेलकट द्रव्य शेजारच्या नगात शिरतं. व्हिनाइलचे नग वेगळ्या डब्यात ठेवा. डब्यात सिलिका जेलची पुडी चालते. खिडकीतलं ऊन टाळा.

काही जुनं पॉलिथीन, विशेषतः 1960च्या दशकातलं ब्रिटिश, काळाने ठिसूळ होतं. घोटा वाकवून बघायला जाल तर तुकडा हातात येईल. याला औषध नाही, आणि अशा नगाला पार्सलने पाठवूही नये. माझ्याकडे तसा एक आहे, निळा, उजवा हात उंचावलेला. त्याला मी जागचा हलवत नाही. माप घ्यायचं असलं की कॅलिपर घेऊन मीच कपाटापाशी जातो.