कॉम्प्रेसर तेल फेकतोय? सेपरेटर बदलण्याआधी हे तपासा

बोअरवेलच्या गाडीवरचा किंवा गिट्टी खदानीतला डिझेल कॉम्प्रेसर तेल फेकायला लागला, म्हणजे बाहेर जाणाऱ्या हवेबरोबर तेल जायला लागलं, की पहिला संशय हवेतलं तेल वेगळं काढणाऱ्या सेपरेटरवर जातो. त्याचा नवा एलिमेंट (आतली बदलायची गाळणी) आणून बसवला जातो आणि थोड्याच दिवसांत होजच्या तोंडाशी पुन्हा तेल दिसतं. पुष्कळदा जुना एलिमेंट चांगलाच असतो. बिघाड असतो त्याच्या आजूबाजूच्या, फारसा खर्च न करता तपासता येणाऱ्या भागांत.

स्क्रू एअरएंडमध्ये, म्हणजे दोन रोटर हवा दाबतात त्या भागात, हवेबरोबर तेल मुद्दाम सोडलेलं असतं. ते हवेची उष्णता ओढून घेतं, रोटरमधली फट भरून काढतं आणि वंगणाचं काम करतं. त्यामुळे एअरएंडमधून टाकीत येतं ते हवा आणि तेलाचं मिश्रण. टाकीत त्याचा वेग पडतो, दिशा बदलते आणि बहुतेक तेल तिथेच खाली बसतं. उरलेले अगदी बारीक थेंब सेपरेटर एलिमेंटच्या काचतंतूंच्या थरांत अडकतात, एकमेकांना मिळून मोठे होतात आणि एलिमेंटच्या आत तळाशी साचतात. तिथून स्कॅव्हेंज लाईनची बारीक नळी ते पुन्हा एअरएंडकडे ओढते. सगळं ठीक असेल तर बाहेर जाणाऱ्या हवेत 3 ते 5 पीपीएम (दहा लाख भागांत 3 ते 5 भाग) इतकंच तेल राहतं.

डीटीएच हॅमर (बोअरच्या आत हवेवर चालणारा खडक फोडणारा हातोडा) वापरणाऱ्यांचा एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. ‘हवेत थोडं तेल गेलं तर हॅमरला बरंच आहे’ असं साइटवर सर्रास ऐकू येतं. हॅमरला रॉक ड्रिल ऑईल लागतं आणि ते लाईन ऑईलरमधून (हवेच्या लाईनमध्ये तेल सोडणाऱ्या डब्यातून), ठरलेल्या मापाने जायला हवं. कॉम्प्रेसरचं पातळ तेल ती जागा घेऊ शकत नाही. शिवाय ते बोअरच्या पाण्यावर तवंग धरतं आणि ते पाणी कुणाच्या तरी घरात किंवा शेतात जाणार असतं.

तेल फेकण्याची कारणं, या क्रमाने

आधी तेलाची लेव्हल. मशीन सपाट जागेवर उभं करा, बंद करा, टाकीचं प्रेशर शून्यावर येऊ द्या आणि पाच-दहा मिनिटं थांबून टाकीवरची लेव्हलची काच बघा. चालू मशीनवर तेल कमी दिसतं, म्हणून हेल्पर वरून ओततो आणि टाकी ओव्हरफिल होते. उतारावर उभ्या गाडीतही तेल एका बाजूला चढून एलिमेंटपर्यंत पोचतं. म्हणून जॅक लावून मशीन लेव्हलला घेणं हे ड्रिलिंगइतकंच कॉम्प्रेसरसाठीही गरजेचं आहे.

मग स्कॅव्हेंज लाईन. सर्वाधिक वेळा चोर इथेच सापडतो. या लाईनमध्ये साधारण एक-दोन मिलिमीटरचं ऑरिफिस, म्हणजे बारीक भोक, असतं. गॅस्केटचा एक तुकडा किंवा जळलेल्या तेलाचा कण त्यात अडकला, की एलिमेंटच्या तळाशी तेल साचत जातं आणि शेवटी हवा ते उचलून बाहेर नेते. लाईनला काच असेल तर लोडवर बघा: हवेचे बुडबुडे आणि थोडं तेल सतत सरकताना दिसायला हवं. काच पूर्ण भरून तेल वाहत असेल, तर एलिमेंटकडे मुळातच जास्त तेल येतंय. काहीच हलत नसेल, तर लाईन चोक आहे. ऑरिफिस काढून हवेने साफ करा; तार किंवा ड्रिल बिट घालू नका. भोक मोठं झालं, तर दाबलेली हवा फुकट परत फिरत राहते. लाईनमधला चेक व्हॉल्व्हही (एकाच दिशेने वाट देणारा) काढून बघा.

तिसरा मिनिमम प्रेशर व्हॉल्व्ह. टाकीत ठरलेलं प्रेशर होईपर्यंत तो हवा बाहेर सोडत नाही. 100 पीएसआयच्या (पीएसआय हे प्रेशरचं माप) मशीनवर हे प्रेशर साधारण 60 पीएसआय असतं. हाय प्रेशर मशीनवर ते जास्त असतं, आकडा मॅन्युअलमधून घ्या. प्रेशर कमी म्हणजे हवा फुगलेली आणि एलिमेंटमधून तिचा वेग जास्त, आणि त्या वेगाने तेल ओढलं जातं. तपासणी सोपी आहे. डिलिव्हरी व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि टाकीचा गेज बघा. काटा ठरलेल्या आकड्याच्या खाली घसरला, तर व्हॉल्व्हची स्प्रिंग किंवा सीट गेली आहे.

चौथं तापमान, आणि नागपुरात हे विसरून चालत नाही. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा 45 च्या पुढे असतो, त्यात कूलरच्या जाळीवर गिट्टीची धूळ आणि तेलाचा थर. डिस्चार्ज तापमान 100 अंशांच्या वर गेलं, की तेलाची वाफ वाढते आणि वाफ कुठलाच एलिमेंट अडवू शकत नाही. तीच पुढे होजमध्ये थंड होऊन थेंब बनते. मे महिन्यात दुपारी तेल फेकणारं आणि सकाळी ठीक चालणारं मशीन आलं, तर आधी कूलर धुवा. हवा किंवा पाणी पंख्याच्या हवेच्या उलट दिशेने मारा.

फेस हे पाचवं कारण. दोन वेगळ्या जातींची तेलं मिसळली, इंजिन ऑईल टाकलं किंवा ब्लोडाऊन (मशीन बंद केल्यावर टाकीतली हवा सुटणं) फार वेगाने होत असेल, तर तेल फेसाळतं आणि फेस थेट एलिमेंटवर चढतो. एवढं सगळं ठीक निघालं, तरच फाटलेला एलिमेंट किंवा निसटलेलं गॅस्केट हा विचार करा.

एलिमेंट खरंच कधी बदलायचा

तासांचा आकडा मॅन्युअलमधून घ्या, पण निर्णय डिफरन्शियल प्रेशरवर घ्या. टाकीतलं प्रेशर आणि एलिमेंटनंतरचं, पण मिनिमम प्रेशर व्हॉल्व्हच्या आधीचं प्रेशर, यांतला हा फरक. व्हॉल्व्हनंतर मोजलं तर त्याचा स्वतःचा ड्रॉपही मोजला जातो आणि चांगला एलिमेंट फेकला जातो. मशीन गरम, फुल लोडवर, आणि शक्य असेल तर दोन्ही ठिकाणी तोच एक गेज लावा. नव्या एलिमेंटवर फरक 2 ते 3 पीएसआय असतो. 10 ते 15 पीएसआयला बदलायची वेळ झाली. लाईनला तेवढंच प्रेशर द्यायला इंजिनला टाकीत जास्त प्रेशर करावं लागतं. 100 पीएसआयच्या आसपास दर 2 पीएसआयमागे साधारण 1 टक्का ताकद, म्हणजे डिझेल, वाया जातं. चढत आलेला फरक एकदम शून्याजवळ पडला, तर आनंद मानू नका. एलिमेंट फाटला आहे.

काही शे तासांतच चोक होत असेल, तर दोष एलिमेंटचा नसतो. एअर फिल्टर आणि त्याच्या पुढच्या रबर होजचे क्लॅम्प बघा. नागपूरजवळच्या उमरेड रोडच्या खदानीतली धूळ एका सैल क्लॅम्पमधून आत शिरून तेलात मिसळते आणि शेवटी एलिमेंटमध्ये जाऊन बसते. जुनं, वार्निश (जळक्या तेलाचा चिकट थर) धरलेलं तेल आणि बायपासवर चालणारा, म्हणजे तेल न गाळताच पुढे सोडणारा ऑईल फिल्टर हीही कारणं.

एलिमेंट डिझेलने धुऊन किंवा हवा मारून परत बसवणं पूर्ण बंद करा. काचतंतू फाटतात, आणि गरम टाकीत उरलेलं डिझेल आगीला आमंत्रण देतं.

बदलताना

अनलोडवर, म्हणजे हवेचा भार न देता, तीन-चार मिनिटं चालवून इंजिन बंद करा. ब्लोडाऊन होऊन गेज शून्यावर आला, तरी हातचा व्हॉल्व्ह हळू उघडून हवा संपल्याची खात्री करा, कारण अडकलेला गेजही शून्यच दाखवतो. बॅटरीची निगेटिव्ह काढा. स्कॅव्हेंज नळी आधी बाहेर घ्या, मग कव्हरचे बोल्ट. समोरासमोरचे दोन बोल्ट सैल करून तसेच ठेवा, कव्हर थोडं उचकटा आणि मगच ते दोन काढा. कव्हर जड असतं, चेन ब्लॉक लावा.

जुनं गॅस्केट खरवडताना टाकीचं तोंड झाकून ठेवा. आत पडलेला तुकडाच पुढे ऑरिफिसमध्ये सापडतो. नव्या एलिमेंटच्या गॅस्केटवर धातूच्या पिना दिसतात. त्या काढू नका आणि गॅस्केटला शेलॅक किंवा सिलिकॉन लावू नका. कोरडी हवा आणि तेल काचतंतूंतून जाताना स्थिर वीज तयार होते, ती या पिनांतून टाकीच्या बॉडीत उतरते. वाट बंद झाली तर ठिणगी टाकीच्या आतच पडते. बसवल्यावर मल्टिमीटरने एलिमेंटची जाळी आणि टाकी यांत कंटिन्युइटी, म्हणजे वीज जायची सलग वाट, बघा.

स्कॅव्हेंज नळीचं टोक एलिमेंटच्या तळापासून 2-3 मिलिमीटर वर राहायला हवं. टेकलं तर तेल ओढलं जात नाही, जास्त वर राहिलं तर तळाशी तेल साचतंच. कव्हर बसवण्याआधी खोली मोजून घ्या. बोल्ट क्रॉसमध्ये, तीन फेऱ्यांत, मॅन्युअलच्या टॉर्कवर आवळा. तेल आणि ऑईल फिल्टर त्याच वेळी बदला, नाहीतर जुन्या तेलाचा गाळ नव्या एलिमेंटवर जाईल. दहा मिनिटं चालवून गळती बघा आणि पुन्हा आवळायचं असेल तर प्रेशर उतरवूनच.

पावसाळ्यात पाणी

30 अंश आणि 80 टक्के आर्द्रतेची हवा 100 पीएसआयला दाबली, तर तिच्यातलं बाष्प 67 अंशांच्या आसपास पाणी होऊ लागतं. हीच हवा 300 पीएसआयला दाबली, तर 90 अंशांच्या आसपासच. म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये बोअरवेलचं हाय प्रेशर मशीन तापायच्या आत पुन्हा पुन्हा बंद केलं, तर पाणी टाकीतच राहतं, तेल दुधाळ होतं आणि एलिमेंट भिजतो. रात्रभर उभ्या मशीनच्या टाकीचा ड्रेन सकाळी, स्टार्टरच्या आधी, प्रेशर शून्य असताना हळू उघडा. पाणी संपून तेल आलं की बंद करा.

त्याच फेरीत इंजिनचा डिझेल-वॉटर सेपरेटरही ड्रेन करा. बॅरलमधून डिझेल भरणाऱ्या साइटवर हे रोजचं काम आहे. काढलेलं डिझेल पारदर्शक बाटलीत धरा, म्हणजे खालचं पाणी वेगळं दिसतं. कॉमन रेल (हाय प्रेशर इंजेक्शनच्या) इंजिनवर नवा डिझेल फिल्टर वरून डिझेल ओतून भरू नका. ते न गाळलेलं डिझेल थेट पंप आणि इंजेक्टरकडे जातं. रिकामा बसवा आणि हातपंप कडक होईपर्यंत मारा.