ब्रिजवर वॉच करताना या चुका टाळा

ब्रिज म्हणजे जहाज जिथून चालवतात ती जागा, वॉच म्हणजे तिथली पहाऱ्याची पाळी. सेकंड मेट या अधिकारीपदाच्या ओरलची, म्हणजे तोंडी परीक्षेची, तयारी करणारी मुलं माझ्याकडे येतात, तेव्हा कॉलरेग्स, म्हणजे समुद्रात टक्कर टाळायचे आंतरराष्ट्रीय नियम, त्यांना तोंडपाठ असतात. १९७२ साली ठरलेले, १५ जुलै १९७७ पासून लागू झालेले, आज एकूण ४१ नियम. कोणताही विचारा, स्वल्पविरामासकट उत्तर तयार. मग मी अंधाऱ्या पडद्यावर दोन पांढरे आणि एक लाल दिवा (रात्री दिसणारी दुसऱ्या जहाजाची डावी बाजू) दाखवतो आणि विचारतो, काय करशील? बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "सर, हक्क कुणाचा?"

चूक इथूनच सुरू होते. दोन जहाजं आडवी येतात तेव्हा हे नियम कुणालाही हक्क देत नाहीत, दोघांनाही काम लावतात. ज्याच्या उजव्या बाजूला दुसरं जहाज आहे, त्याने वाट द्यायची आणि शक्यतो त्याच्या पुढून जायचं नाही. दुसऱ्याने दिशा आणि वेग तसाच ठेवायचा. पण वाट देणारा हालत नाही असं दिसलं, की नियम १७ दुसऱ्यालाही वळायची मुभा देतो. आणि इतकं जवळ आलं की एकट्याच्या वळण्याने टक्कर टळणार नाही, तर मुभा राहत नाही, वळावंच लागतं. तेव्हाही डावीकडच्या जहाजासाठी डावीकडे वळायचं नाही, कारण त्याच क्षणी तो उजवीकडे वळला तर दोघं एकमेकांवरच येतात.

पाच-पाच अंशांची वळणं

ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे. एआरपीएवर (रडारवरच्या जहाजांचा माग ठेवणारं यंत्र) सीपीए, म्हणजे दोन जहाजं सगळ्यात जवळ येतील तेव्हाचं अंतर, ०.३ मैल दिसतो. मुलगा ऑटोपायलट पाच अंश फिरवतो. ०.५ होतो. आणखी पाच. ०.८ झाला की समाधान, आणि नजर पुन्हा स्क्रीनवर. त्याच्या स्क्रीनवर सगळं ठीक आहे, पण समोरच्या ब्रिजवरच्या माणसाला काय दिसलं याचा त्याने विचारच केलेला नसतो.

रात्रीचा विचार करा. ५० मीटर किंवा त्याहून लांब जहाजाचे मास्टहेडचे (डोलकाठीवरचे पांढरे) दिवे ६ मैलांवरून दिसले पाहिजेत, पण लाल-हिरवे बाजूचे दिवे ३ मैलांवरून दिसले तरी नियमाला पुरतं. म्हणजे सहा मैलांवर समोरच्याकडे तुमची दिशा ओळखायला बहुधा दोन पांढरे दिवे तेवढे आहेत. पाच अंशांनी ते दोन दिवे एकमेकांपासून इतके थोडे सरकतात, की डोळ्यांना कळत नाही. तो समजतो तुम्ही वळलाच नाहीत, आणि स्वतः वळतो. नियम ८ म्हणूनच सांगतो की वळण समोरच्याला सहज कळेल इतकं मोठं हवं, आणि लहान-लहान वळणांची मालिका नको.

२५ जुलै १९५६ च्या रात्री अमेरिकेच्या नॅन्टकेट बेटाजवळ 'आंद्रेआ डोरिया' आणि 'स्टॉकहोम' यांनी एकमेकांना रडारवर पाहिलं होतं. डोरिया धुक्यात जवळजवळ पूर्ण वेगात होती. अंतर वाढावं म्हणून तिने डावीकडे वळण घेतलं, तेही फक्त चार अंशांचं. स्टॉकहोमला ते कळलं नाही आणि ती उजवीकडे वळली. दोन्ही जहाजांवर मिळून ५१ माणसं गेली. ते चार अंश मी प्रत्येक बॅचला सांगतो.

माझी सवय साधी आहे. खुल्या समुद्रात वळायचं तर निदान ३० अंश, आणि ६ मैलांच्या आत येण्याआधी. पंधरा-पंधरा नॉट्सने (ताशी सागरी मैलांनी) समोरासमोर येणारी दोन जहाजं दर दोन मिनिटांना एक मैल जवळ येतात, म्हणजे सहा मैलांना फक्त बारा मिनिटं. त्यात चहा होतो, विचार होत नाही. वळल्यावर समोरचं जहाज पार मागे जाईपर्यंत त्याची बेअरिंग (ते कंपासवर कोणत्या दिशेला दिसतं ते) घेत राहायची. घाई करून मूळ कोर्सवर परतणारे अनेक जण त्याच जहाजाच्या पुढ्यात पुन्हा जाऊन उभे राहतात.

व्हीएचएफ रेडिओवर सौदा करणं

यूएईतल्या फुजैरा बंदराच्या बाहेर, रात्रीची गर्दी. मी मास्टर, म्हणजे कॅप्टन, होतो. ब्रिजवर आलो तर उजव्या बाजूला एक टँकर, बराच जवळ. थर्ड ऑफिसरला विचारलं, वळला का नाहीस?

"सर, बोलून घेतलंय. तो आपल्या मागून जातो म्हणाला."

"तो म्हणजे कोण?"

त्याने एआयएसवरचं (आसपासच्या जहाजांची नावं स्क्रीनवर दाखवणारी यंत्रणा) नाव दाखवलं. मी विंगवर (ब्रिजच्या बाजूच्या सज्जावर) जाऊन रिपीटरवर (तिथल्या कंपासवर) बेअरिंग घेतली, थोड्या वेळाने पुन्हा घेतली. तीच. अंतर मात्र कमी होत होतं, म्हणजे टक्कर ठरलेली. हेल्म (सुकाणूचं चाक) हातात घ्यायला लावलं, सुकाणू पूर्ण उजवीकडे, आणि टँकरच्या मागून निघालो. अर्धा मैलही अंतर नव्हतं. नंतर स्क्रीन नीट पाहिली तेव्हा उलगडा झाला. ज्याच्याशी बोलणं झालं तो टँकरच्या पलीकडे, कितीतरी लांब होता. दोन खुणा एकमेकींवर आल्या होत्या आणि मुलाने चुकीच्या खुणेचं नाव उचललं होतं. ज्याच्याशी टक्कर होणार होती, त्याला या बोलण्याचा पत्ताही नव्हता.

नाव बरोबर असतं तरी तो सौदा चूकच होता. उजवीकडे जहाज आहे, वाट आपण द्यायची आहे, नियम १५ स्पष्ट आहे. मग विचारायचं काय? विचारण्यात जी चार मिनिटं गेली, त्या चार मिनिटांत वळण पूर्ण झालं असतं. वळायला नको म्हणून बोलणारी मुलं मला अजिबात चालत नाहीत. पायलटशी, व्हीटीएसशी (किनाऱ्यावरच्या जहाज-वाहतूक नियंत्रणाशी), टोइंग करणाऱ्या (दुसऱ्याला ओढून नेणाऱ्या) टगशी जरूर बोला. नियमाने ठरलेली गोष्ट रेडिओवर बदलून घेऊ नका.

बाकीच्या थोडक्यात

बेअरिंग खिडकीच्या चौकटीशी जुळवून पाहू नका. जहाज दोन्ही बाजूंना डुलतं, चौकट खोटं सांगते. कंपासवरूनच घ्या. आणि खूप मोठं जहाज किंवा टो जवळ असेल, तर बेअरिंग बदलत असूनही धोका असू शकतो.

धुक्यात दुसरं जहाज दिसत नसेल, रडारवर नुसती खूण असेल, तर वाट देणारा आणि न देणारा असा भेदच उरत नाही. तिथे नियम १९ लागतो. समोरच्या अर्ध्या भागातल्या जहाजासाठी डावीकडे वळणं टाळायचं (तुम्ही त्याला मागे टाकत असाल तर वेगळं), आणि बाजूच्या किंवा मागच्या जहाजाच्या दिशेने वळणंही टाळायचं.

ओव्हरटेक करतोय का, अशी शंका आली तर करतोय असंच धरा.

शंका आहे, तर पाच आखूड शिट्ट्या द्या. कॅप्टनची झोप मोडेल म्हणून शिटी न वाजवणारे ऑफिसर मी पाहिले आहेत. कॅप्टनची झोप मोडण्यासाठीच तो वॉच आहे. फोन उचला, आणि आठ मैलांवर उचला, दोन मैलांवर नको.

आता कोकणातल्या नाखव्यांसाठी, कारण हिवाळ्यात रत्नागिरी-मालवणसमोरून जाताना दोन्हीकडच्या चुका दिसतात. ट्रॉलिंग (जाळं पाण्यातून ओढणं) चालू असेल तर हिरवा पांढऱ्यावर, बाकी मासेमारीला लाल पांढऱ्यावर. जाळं १५० मीटरपेक्षा जास्त लांब पसरलं असेल तर त्या दिशेला आणखी एक पांढरा दिवा. तो दिसला, तर जहाजाने दुसऱ्या बाजूनेच जायचं. पण जाळं वर घेतलं, बोट घरी निघाली, की हे दिवे बंद झाले पाहिजेत. मासेमारीचे दिवे तसेच ठेवून वीस बोटी बंदराकडे निघाल्या, की ब्रिजवरच्या माणसाला कोण जाळं टाकून आहे आणि कोण पळतंय हे कळत नाही. डेकवरचे झगझगीत एलईडीही मासे निवडून झाले की विझवा. त्या उजेडात तुमचा लाल-हिरवा दिवा दिसत नाही, आणि तुम्हालाही बाहेरचं काही दिसत नाही. लाकडी आणि फायबरच्या बोटी रडारवर फिक्या येतात, तेव्हा डोलकाठीवर जमेल तितक्या उंच रडार रिफ्लेक्टर बांधा. आणि सगळे थकून झोपले असतील तरी एक माणूस जागा, हातात टॉर्च घेऊन, बसलेला हवा.