उत्तर थोडे उशिरा द्या

संभाषणात एकाचे बोलणे संपल्यापासून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत साधारणपणे सेकंदाचा पाचवा हिस्साच जातो, असे नेदरलँड्समधील माक्स प्लांक संस्थेच्या भाषाअभ्यासकांना २००९ साली १० भाषांच्या तुलनेतून आढळले. मनात शब्द जुळवून तो उच्चारायला मात्र अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो. म्हणजे समोरची व्यक्ती बोलत असतानाच आपण उत्तराच्या तयारीला लागलेलो असतो. मराठीत हे विशेष महागात पडते, कारण आपले क्रियापद आणि नकार वाक्याच्या शेवटी येतात. 'हे काम शुक्रवारपर्यंत होईल, असे मला वाटत नाही' या वाक्यातील 'शुक्रवार' ऐकून जो निश्चिंत होतो, त्याचा 'नाही' हमखास निसटतो.

म्हणून पहिला सराव एवढाच करावा की, वाक्य पूर्ण होऊ द्यावे, एक श्वास घ्यावा आणि मग बोलावे. सुरुवातीला हा विराम फार लांबल्यासारखा वाटतो, पण पुष्कळदा खरी अडचण त्याच शांततेत बाहेर येते.

त्यानंतर ऐकलेले आपल्या शब्दांत मांडून पाहावे: 'म्हणजे अडचण मुदतीची नसून माणसे कमी असल्याची आहे, असेच ना?' कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९५७ साली 'सक्रिय श्रवण' या नावाने जी पद्धत मांडली, तिचा हा गाभा आहे. मात्र समोरच्याचेच शब्द पोपटासारखे परत केले, तर तो चिडतो, आणि ते योग्यच आहे. आपली समजूत चुकीची ठरण्याची तयारी असेल, तरच हा प्रश्न विचारावा.

घरात याहून अवघड जाते. 'मुलगा ऐकत नाही' म्हणताना आपल्याला तो सांगितलेले करत नाही, असे म्हणायचे असते. त्यामुळे ऐकले म्हणजे मान्य केले, अशी धास्ती मनात असते. ती बाजूला ठेवून 'काही सुचवू, की नुसते ऐकू?' असे जोडीदाराला किंवा मित्राला विचारता येते. वडीलधाऱ्यांना असे विचारणे विचित्र वाटेल. त्यांच्याजवळ हातातले काम ठेवून बसणे पुरते.

फोनवर मात्र विराम घेताना अधूनमधून 'हं' म्हणावे, नाहीतर पलीकडून 'हॅलो, हॅलो' सुरू होते.