घोड्याची जखम चिघळू नये म्हणून काय करावं

द्राक्षबागेची तार, नाहीतर वरातीतल्या गर्दीत लागलेला एखादा पत्रा. नाशिक भागात घोड्याला जखम व्हायला एवढं पुरतं. मग आपला हात आधी हळदीच्या डब्याकडे जातो, तो आवरा.

आधी घोडा सांभाळा. त्याच्या सवयीच्या माणसाने मोरखी (तोंडाला बांधलेली दोरी) धरावी आणि त्याने व जखम बघणाऱ्याने, दोघांनीही एकाच बाजूला, लाथेच्या टप्प्याबाहेर उभं राहावं. रक्त वाहत असेल तर स्वच्छ सुती फडकं 5 मिनिटं तरी दाबून धरा, मधे उचलून बघू नका.

मग धुणं. खरं काम हेच. 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ विरघळवा. 20 मिलीच्या सिरिंजला 18 नंबरची सुई लावून जखमेवर तिरकी धार मारा. कडेला चिकटलेली माती, शेणाचे कण, केस निघेपर्यंत मारत राहा. लिटर-दोन लिटर पाणी सहज लागतं. नदीचं किंवा हौदाचं पाणी नकोच. पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक फिक्या चहाइतकं पातळ करूनच वापरा. दाट ओतलं तर जंतूंसोबत जखम भरून आणणाऱ्या पेशीही मरतात. चुना, राख, जळकं ऑइल लावलंत तर डॉक्टरांना जखमेचा तळच दिसत नाही.

जखम केवढी आहे यापेक्षा कुठे आहे ते बघा. गुडघ्याजवळ किंवा खुराच्या वर बोटभरही नसलेलं भोक आणि त्यातून पिवळसर, चिकट पाणी येत असेल तर सांधा उघडा पडलाय असं धरून चाला. यात थांबायचं नसतं, त्याच दिवशी डॉक्टर हवेत. जनावरांच्या डॉक्टरांसाठीच्या 1962 या हेल्पलाइनवर फोन करा.

धनुर्वाताचं इंजेक्शन कधी दिलं होतं तेही सांगा. त्याचे जंतू माती-शेणातच असतात आणि घोड्याला हा रोग फार लवकर धरतो.

पुढचे काही दिवस ताप मोजा. 38.5 अंश सेल्सिअसच्या वर गेला, सूज चढली, घाण वास किंवा पू आला तर जंतू आत शिरलेत. तेव्हा मेडिकलमधून मनाने अँटिबायोटिक आणू नका. डोस सुरू होण्याआधी पुवाचा नमुना तपासता आला, तर कोणतं औषध लागू पडेल ते कळतं. माश्या बसू देऊ नका, अळ्या पडतात. पायाच्या खालच्या भागात लाल मांस कातडीच्या वर फुगून आलं तर ते डॉक्टरांकडूनच काढून घ्या, मोरचूद लावून जाळू नका.