‘द न्यूबर्ग स्टिंग’ दाखवताय? चर्चेत या चुका टाळा

कोल्हापुरात माहितीपट दाखवून त्यावर बोलायचं म्हटलं की माणसं हमखास जमतात. पण ‘द न्यूबर्ग स्टिंग’ हा माहितीपट अमेरिकेतल्या न्यूबर्ग शहरात बॉम्बकटाच्या सापळ्यात पकडलेल्या चौघांवरचा आहे. विषय असा पोलिसांनीच रचलेल्या दहशतवादी कटाचा असला, तर लगेच दोन तट पडतात आणि नीट बोलणं राहूनच जातं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सगळे सापळे एकाच मापाने मोजणं. आपल्या ओळखीचा सापळा लाचलुचपत विभागाचा. तिथे आधी तक्रारदार येतो, पंचांसमक्ष मागणीची पडताळणी होते, नोटांना फिनॉल्फ्थॅलिन पावडर लावतात. पैसे घेणाऱ्याची बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी होतं. पैशांची मागणी मुळात त्या अधिकाऱ्याचीच असते. न्यूबर्गमध्ये एफबीआय या अमेरिकी केंद्रीय तपास यंत्रणेचा पगारी खबऱ्या श्रीमंत व्यापारी बनून मशिदीत आला. नकली बॉम्ब आणि नकली क्षेपणास्त्र सरकारी बाजूनेच पुरवलं गेलं. त्यामुळे पहिला प्रश्न हाच विचारा: कल्पना आधी कोणी काढली?

दुसरी चूक रेकॉर्डिंग ऐकताना होते. मुख्य आरोपी ज्यूंविषयी इतकं विखारी बोलतो की अर्धं सभागृह तिथेच निकाल देऊन मोकळं होतं. तो तसं बोलला हे खरं आहे, त्यावर पांघरूण घालू नका. पण पुढचंही बघा. 2009 च्या सुरुवातीला हाच माणूस जवळपास सहा आठवडे खबऱ्याला टाळत होता. वॉलमार्टमधली नोकरी गेल्यावर तो पैशासाठी परतला, आणि त्याच्यासमोर अडीच लाख डॉलरचं आमिष होतं. माझ्या मते सगळा माहितीपट या सहा आठवड्यांत आहे. चर्चा भरकटली तर तिला इथेच परत आणा.

‘म्हणजे ते निर्दोष सुटले ना?’ असं कोणीतरी विचारतंच. नाही. ज्युरीने चौघांनाही दोषी ठरवलं, प्रत्येकाला 25 वर्षांची शिक्षा झाली, 2013 मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. अमेरिकेत पोलिसांनी फूस लावली एवढ्याने भागत नाही, आरोपीची मुळातच तयारी होती का हेही पाहतात. न्यायाधीश कॉलीन मॅकमहन यांनी 2023 मध्ये तिघांच्या आणि 2024 मध्ये चौथ्याच्या सुटकेचा आदेश दिला. पण तो शिक्षा कमी करून. दोष पुसला गेला नाही. माहितीपट 2014 चा असल्याने हे त्यात सापडणार नाही, सूत्रसंचालकानेच सांगायला हवं.

‘पोलिसांनीच फूस लावली’ हा अमेरिकेतला बचाव जसाच्या तसा इकडे लावू नका. भारतीय न्याय संहितेत तो स्वतंत्र कलम म्हणून लिहिलेला नाही. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे, तेव्हा फौजदारी काम करणारे वकील शोधायला लांब जावं लागत नाही. एकाला आधीच माहितीपट दाखवा आणि चर्चेला समोर बसवा.