जपानमध्ये गल्लीतल्या रामेनच्या दुकानात जाताना

रामेन म्हणजे गरम रश्श्यातल्या शेवया. दुकानाच्या दारातच खाण्याच्या तिकिटाचं यंत्र दिसलं तर आधी पैसे टाका, मग बटण दाबा. जपानी वाचता येत नसेल तर डावीकडचं सगळ्यात वरचं बटण दाबा, बहुधा तीच त्या दुकानाची खासियत असते. खिशात हजार येनच्या नोटा आणि सुटी नाणी हवीतच. बरीच जुनी यंत्रं दहा हजारांची नोट घेत नाहीत, आणि काही तर जुलै 2024 मध्ये आलेल्या नव्या नोटाही परत ढकलतात.

हाकाता पद्धतीचं, म्हणजे डुकराच्या हाडांच्या पांढुरक्या रश्श्याचं रामेन असेल, तर शेवया किती कडक हव्यात ते विचारतात. ‘काता’, म्हणजे कडक, असं म्हणा. बारीक शेवया गरम रश्श्यात दोन-चार मिनिटांतच लिबलिबीत होतात, म्हणून फोटो एकच काढा आणि लगेच खायला घ्या. सुर्र आवाज झाला तरी चालतो, उलट वाफ निघून जाते आणि तोंड भाजत नाही. रस्सा मात्र लगेच संपवू नका! शेवया संपत आल्या की ‘काएदामा’ म्हणायचं, थोडक्या पैशांत शेवयांचा नवा घाणा त्याच वाडग्यात पडतो. भूक मोठी असेल तर यासारखी सोय नाही.

शाकाहारी मंडळींनी जरा जपून. वर नुसत्या भाज्या दिसल्या, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) घातलेलं रामेन असलं, तरी खालचा रस्सा बहुतेक वेळा हाडांचा नाहीतर सुक्या मासळीचा असतो. आधी विचाराच.

पाणी फुकट, बहुधा आपलं आपणच ओतून घ्यायचं. टिप ठेवायची नाही. बाहेर रांग असेल तर खाऊन झाल्यावर गप्पा मारत बसू नका, जागा मोकळी करा.